'स्टुडिओ ६० ऑन द सनसेट स्ट्रिप' २२ भागांतच का आटोपली? आणि आता पाहायची तर कोणते भाग?

तिसरी_घंटा

एनबीसी या अमेरिकन चॅनेलवर २००६-०७ मध्ये आलेल्या या मालिकेबद्दल जाणकारांना विचारायचं आहे. लेखक आरन सॉर्किन आणि दिग्दर्शनाची सूत्रं थॉमस श्लामीकडे, म्हणजे 'द वेस्ट विंग' या व्हाइट हाउसवरच्या मालिकेचीच जोडी. मॅथ्यू पेरी, ब्रॅडली व्हिटफर्ड, अमांडा पीट, सारा पॉलसन अशी तगडी नटमंडळी. लॉस एंजेलिसमधला दर शुक्रवारी रात्री लाइव्ह होणारा एक कॉमेडी शो, त्यातले स्टार, चॅनेलचे साहेब, कात्री घेऊन बसलेलं स्टँडर्ड्स खातं, असा सगळा झगमगाट. १८ सप्टेंबर २००६ च्या पहिल्या भागाला सुमारे १ कोटी ३४ लाख प्रेक्षक होते. तरी २८ जून २००७ ला बाविसाव्या भागावर गाशा गुंडाळला.

शंका अशा. इतक्या दणक्यात सुरू झालेली मालिका नेमकी कुठे घसरली? "स्किट विनोदी नव्हती" हे सगळीकडे वाचलं, पण ही मुळात ड्रामा मालिका, तर स्किट फसल्याने एवढं काय बिघडतं? त्यात दाखवलेली आठवड्याची धावपळ, भिंतीवरचं उलटं घड्याळ, पश्चिम किनाऱ्यासाठीचं उशिराचं प्रक्षेपण हे कितपत खरं? आणि सगळे २२ भाग पाहायला सवड नसेल तर कोणते घ्यावेत? स्किट शोच्या पडद्यामागची पटकथा लिहिताना उपयोग होईल अशा अंगाने उत्तरं मिळाली तर फार बरं.

रिळवाला

आधी पैशाचं आणि वेळापत्रकाचं बोलू, कारण बहुतेक लेख थेट विनोदावर घसरतात.

ऑक्टोबर २००५ मध्ये या पटकथेसाठी एनबीसी आणि सीबीएस यांच्यात बोली लागली. एनबीसीने ती जिंकली, पण विक्रमाच्या जवळ जाणारी लायसन्स फी कबूल करून. लायसन्स फी म्हणजे मालिका दाखवण्यासाठी चॅनेल दर भागामागे निर्मात्याला देतं ती रक्कम. त्या काळच्या अमेरिकन पद्धतीत खर्च सहसा या फीपेक्षा जास्त असायचा आणि वरचा तोटा निर्माता स्टुडिओ सोसायचा. तो भरून काढायचा पुढे, जुने भाग स्थानिक वाहिन्यांना रोज दाखवण्यासाठी विकून. त्या बाजाराचा जुना अंदाज साधारण १०० भागांचा, निदान ८८ तरी, म्हणजे २२ भागांचे चार सीझन. आठवड्याला पाच भाग लावले तर २२ भाग साडेचार आठवडेही पुरत नाहीत. एकाच सीझनच्या मालिकेला हा बाजार जवळपास बंदच.

आता मालक कोण ते बघा. 'स्टुडिओ ६०'ची निर्मिती वॉर्नर ब्रदर्स टेलिव्हिजनची, एनबीसी फक्त भाडेकरू. त्याच मोसमात, ११ ऑक्टोबर २००६ ला, एनबीसीवरच '३० रॉक' सुरू झाली. तीही स्किट शोच्या पडद्यामागचीच, पण अर्ध्या तासाची आणि एनबीसीच्या स्वतःच्या स्टुडिओची. ती पुढे चालली तर फायदा घरात येणार होता. भाड्याचं घर महाग पडायला लागलं की माणूस सोडतो, तसा हा मामला.

वेळेचं तर आणखी वाईट झालं. मे २००६ मध्ये न्यूयॉर्कला जाहिरातदारांपुढे वेळापत्रक मांडलं तेव्हा मालिका गुरुवारी रात्री ९ ला होती. मग एबीसीने 'ग्रेज अ‍ॅनॅटमी' त्याच जागी आणली आणि एनबीसीने काही दिवसांतच 'स्टुडिओ ६०' सोमवारी रात्री १० ला हलवली. समोर सीबीएसची 'सीएसआय: मायामी', आणि आपल्या आधी २५ सप्टेंबरपासून 'हीरोज'. हीरोजचा प्रेक्षक तरुण, अद्भुत शक्तींच्या गोष्टींसाठी आलेला. तो १० वाजता लेखकांच्या खोलीतली वादावादी बघायला थांबत नव्हता. आधीच्या कार्यक्रमाचे किती प्रेक्षक पुढच्यासाठी टिकतात हा हिशोब चॅनेल दर आठवड्याला मांडतं, आणि इथे तो दर आठवड्याला लाल शाईतच येत होता.

तरी नोव्हेंबर २००६ मध्ये उरलेल्या ९ भागांची ऑर्डर मिळाली. सुरुवातीला १३, चाललं तर आणखी ९, अशी तिकडची रीत. (आपल्या रोजच्या मालिकांना असं काही नसतं. टीआरपी आहे तोवर सासूबाईंना मरण नाही.) फेब्रुवारीपर्यंत प्रेक्षक जवळपास निम्म्यावर आले. १९ फेब्रुवारी २००७ ला सोळावा भाग झाला आणि पुढच्या सोमवारी त्या जागी 'द ब्लॅक डॉनेलीज' आली. उरलेले सहा भाग २४ मे पासून गुरुवारी रात्री १० ला दाखवून संपवले. मेच्या शेवटच्या आठवड्यात तिकडचा मोसम संपलेला असतो, म्हणजे माल गोदामातून बाहेर काढण्याचाच प्रकार.

फोडणीचा_भात

थोडक्यात टीना फेच्या '३० रॉक'ने मारली. एकाच चॅनेलवर दोन सारख्या मालिका, लोकांनी विनोदी घेतली. एवढं सोपं आहे.

रिळवाला

@फोडणीचा_भात, तारखा बघा. पहिल्या मोसमात '३० रॉक'चेही आकडे किरकोळच होते, उलट 'स्टुडिओ ६०'चा प्रेक्षक संख्येने जास्त होता. लोकांनी हिला सोडून तिला घेतलं असं झालंच नाही. ती जगली कारण स्वस्त होती, घरची होती आणि समीक्षकांची लाडकी होती. नोव्हेंबर २००६ मध्ये तिला गुरुवारच्या विनोदी मालिकांच्या रांगेत बसवलं, तिथे शेजार बरा मिळाला. ती सात सीझन चालून जानेवारी २०१३ मध्ये संपली.

प्रॉम्प्टर

रिळवाल्यांचा हिशोब मान्य, पण फक्त हिशोबाने मालिका मरत नाही. १ कोटी ३४ लाख लोक एकदा आले होते, ते का परतले याचं उत्तर कागदावरच आहे.

पहिला भाग उत्तम लिहिलेला आहे यावर फारसा वाद नाही. शोचा म्हातारा निर्माता वेस मेंडेल (जड हर्श) लाइव्ह प्रक्षेपण चालू असताना कॅमेऱ्यासमोर येऊन टीव्हीची लक्तरं काढतो. कंट्रोल रूममध्ये स्टँडर्ड्सचा माणूस "कट करा" म्हणून ओरडतोय आणि दिग्दर्शक कॅल (टिमथी बसफील्ड) बटण दाबू देत नाही. याचं कारण काय? 'क्रेझी ख्रिश्चन्स' नावाचं एक स्किट कापलं गेलं. या भागात ते स्किट आपल्याला दाखवत नाहीत, आणि म्हणूनच ते भन्नाट असणार असं आपण धरून चालतो. सगळी ताकद त्या न दाखवण्यात आहे.

दुसऱ्या भागापासून लेखक मॅट (मॅथ्यू पेरी) आणि त्याचा जोडीदार डॅनी (ब्रॅडली व्हिटफर्ड) शो हाती घेतात. आता काहीतरी दाखवणं भाग असतं. सगळा भाग सुरुवातीचं सादरीकरण काय असावं यावर घालमेल, आणि शेवटी येतं ते गिल्बर्ट-सलिव्हन यांच्या १८७९ च्या ऑपेरेटातल्या गाण्याचं विडंबन. रचना सफाईदार आहे, यमकं चोख आहेत. पण रात्री साडेअकराच्या तरुण प्रेक्षकाला ते हसवेल हे पटत नाही. आपल्याकडे एखाद्या स्किट शोची सुरुवात 'सौभद्र'मधल्या पदाच्या विडंबनाने केली आणि कॉलेजची पोरं गडाबडा लोळताना दाखवली, तर कसं वाटेल?

आता तुमचा प्रश्न: ड्रामात स्किट फसलं तर काय बिघडतं? पात्रं एकमेकांना वारंवार सांगतात की मॅट अल्बी हा देशातला सर्वोत्तम विनोदी लेखक आहे. हॅरिएट (सारा पॉलसन) विलक्षण विनोदी नटी आहे. मग स्किट येतं, सभागृहातले एक्स्ट्रा हसतात, घरी बसलेला हसत नाही. तिथे त्याचा मालिकेवरचा विश्वास तुटतो आणि मग पात्रांच्या इतर बोलण्यावरही तो शंका घेऊ लागतो. डॉक्टरांच्या मालिकेत शस्त्रक्रिया बरोबर झाली का हे प्रेक्षकाला तपासता येत नाही, वकिलांच्या मालिकेत कलमं तपासता येत नाहीत. विनोद मात्र कोणीही जागच्या जागी तपासतो. '३० रॉक'ने हे ओळखून उलटी चाल केली. तिथली स्किट मुद्दाम भिकार, तीही काही सेकंदच, आणि भिकार असणं हाच विनोद.

लिहिताना नियम म्हणून धरा: स्किटचं शेवटचं वाक्य आणि त्यानंतरचा टाळ्यांचा आवाज, किंवा विंगेतून दिसणारी नटाची पाठ. १५-२० सेकंदांच्या वर गेलात तर ते स्किट स्वतःच्या पायावर उभं राहिलं पाहिजे, आणि तसं लिहायला वेगळा माणूस लागतो. 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' आणि 'किड्स इन द हॉल' या दोन्ही खऱ्या स्किट शोंचा अनुभव असलेला मार्क मॅकिनी या मालिकेच्या लेखनात होता, पडद्यावरही लेखकाच्या भूमिकेत होता. तरी घडी बसली नाही, कारण शेवटचा हात सॉर्किनचा आणि त्याची लय ड्रामाची.

दुसरी चूक तापमानाची. 'वेस्ट विंग'मध्ये माणसं कॉरिडॉरमधून भराभर चालत बोलतात तेव्हा पलीकडे युद्ध किंवा विधेयक असतं. इथे तीच चाल, तोच श्वास, आणि पलीकडे शुक्रवारचं स्किट. घाई तेवढीच, पण हरण्यासारखं काय आहे ते बारीक. ते भरून काढायला मग बाहेरून मोठे विषय ओढून आणले: धर्म, अफगाणिस्तान, एका नटाचा ओलीस ठेवलेला भाऊ. शेवटच्या पाच भागांत तर कॉमेडी शो जवळजवळ बाजूलाच पडतो.

विंगेतली

तांत्रिक भागाचं मी बघते.

आठवडा बराचसा खऱ्यावर बेतलेला आहे, फक्त शनिवारऐवजी शुक्रवार. 'सॅटर्डे नाइट लाइव्ह'मध्ये सोमवारी पाहुण्या होस्टसमोर कल्पना मांडतात, मंगळवारी रात्रभर लेखन, बुधवारी टेबलाभोवती वाचन. त्या वाचनात ४० च्या आसपास स्किट येतात आणि त्यातली डझनभर पुढे जातात. बुधवारी रात्रीच सेटची ऑर्डर जाते. गुरुवार-शुक्रवार कॅमेऱ्याच्या तालमी. शनिवारी रात्री ८ ला प्रेक्षकांसमोर रंगीत तालीम, आणि तिथे जे पडेल ते कापून साडेअकराला लाइव्ह. रंगीत तालीम मुद्दाम लांब ठेवतात, म्हणजे दोन-तीन स्किट उडवता येतात. तालमीनंतर नवी ओळ आली की क्यू कार्डं (नटांनी वाचायला कॅमेऱ्याजवळ धरतात ती संवादांची मोठी कार्डं) हाताने पुन्हा लिहायची. इतकी यंत्रं असूनही कार्डंच, कारण शेवटच्या मिनिटाला एक कार्ड बाजूला काढणं सर्वांत सोपं.

मॅटच्या खोलीतलं उलटं घड्याळ मालिकेने नाट्यासाठी आणलं आहे, पण त्यामागचं भय खरं. शो संपला की ते पुन्हा सुरू होतं.

खोटं कुठे वाटतं? मॅट जवळजवळ एकटाच ९० मिनिटांचा शो लिहितो. जाहिराती वजा केल्या तरी तासाभराहून जास्त मजकूर, दर आठवड्याला. हे एका माणसाचं काम नाही. प्रत्यक्षात लेखकांची मोठी फळी असते, आणि लिहिलेल्यातलं बहुतेक फेकून द्यायचं असतं. मालिकेत मात्र रिकी आणि रॉन हे दोन लेखक निघून गेल्यावर उरतात लूसी आणि डेरियस. माणसं कमी, दालन भलं मोठं. आपले मराठी स्किट शो पाहिलेल्यांना माहीत आहे की एका भागाच्या तीन-चार स्किटांनाही वेगवेगळे हात लागतात.

पश्चिम किनाऱ्याचं मात्र चोख आहे. न्यूयॉर्कला रात्रीचे ११:३० तेव्हा लॉस एंजेलिसला ८:३०. म्हणजे शो लॉस एंजेलिसमध्ये संध्याकाळी साडेआठला रंगतो आणि १० ला संपतो. तिथल्या प्रेक्षकांना तेच चित्रीकरण तिथल्या साडेअकराला दाखवतात. मधे दीड तास. चौथ्या भागात या दीड तासावरच सगळा खेळ आहे: पूर्वेकडे गेलेला एक तुकडा चोरीचा असल्याचं कळतं आणि पश्चिमेला जाण्याआधी तो बदलायचा असतो. नवा तुकडा लाइव्ह घालायचा तर काढलेल्याइतकाच लांब हवा. दीड मिनिटाच्या जागी दोन मिनिटं झाली की पुढची प्रत्येक जाहिरात अर्धा मिनिट सरकते, आणि स्थानिक केंद्रं आपल्या जाहिराती ठरलेल्या सेकंदाला घालतात. त्यामुळे कंट्रोल रूममध्ये एक माणूस सतत शेवटून मागे मोजत बसलेला असतो. असं पात्र तुमच्या पटकथेत जरूर घ्या. त्याला संवाद लागत नाहीत, नुसते आकडे बोलला तरी ताण चढतो.

रिळवाला

@विंगेतली यांना जोडून, खर्चाचा अंदाज यावा म्हणून.

तासाच्या मालिकेचा एक भाग म्हणजे जाहिराती सोडून ४२-४४ मिनिटं, चित्रीकरणाला साधारण ८ दिवस. अर्ध्या तासाची २२ मिनिटं, सुमारे ५ दिवस. इथे त्या ८ दिवसांत दोन कार्यक्रम शूट करायचे होते: पडद्यामागचा आणि पडद्यावरचा. ३० सेकंदांच्या स्किटलाही वेगळा सेट, वेगळे कपडे, विग, आणि समोर खुर्च्या भरतील इतके एक्स्ट्रा. कॅमेरा प्रेक्षकांकडे वळला की रिकामी खुर्ची दिसता कामा नये.

त्यावर चालता-बोलता शॉट. स्टेडिकॅमवाला (अंगावर बांधलेला, न हिंदकळणारा कॅमेरा घेतलेला माणूस) पात्रांपुढे उलटा चालतो, म्हणजे सेट चारी बाजूंनी खरा लागतो, छतासकट. दिवे कुठेच उभे करता येत नाहीत, ते सेटमध्येच लपवावे लागतात. तीन मिनिटांच्या शॉटमध्ये अडीचाव्या मिनिटाला कोणाची जीभ अडखळली की पुन्हा पहिल्यापासून, आणि मागून जाणारे तीस लोकही पुन्हा आपापल्या जागी. एका पानाला एक मिनिट हे नेहमीचं गणितही सॉर्किनला लागू नाही. त्याची पात्रं इतकी भरभर बोलतात की तेवढ्याच मिनिटांना जास्त पानं लागतात. आठ भागांची वेबमालिका असेल तर असा शॉट भागात एकच ठेवा.

प्रॉम्प्टर

कोणते भाग पाहावेत ते राहिलंच.

पहिले चार सलग पाहा. पहिला रचनेसाठी. दुसरा (द कोल्ड ओपन) अपेक्षा खूप वाढवल्या की काय होतं ते कळण्यासाठी. तिसरा (द फोकस ग्रुप) चॅनेल आकडे कसे वाचतं त्यासाठी, तिथे चॅनेलचे दोन साहेब, अमांडा पीटची जॉर्डन आणि स्टीव्हन वेबरचा जॅक रुडॉल्फ, जमून आले आहेत. चौथा (द वेस्ट कोस्ट डिले) वर आलाच. सहाव्यात (द रॅप पार्टी) ईलाय वॉलॅक पाहुणा आहे, काळ्या यादीत टाकलेल्या (कम्युनिस्ट समजून काम नाकारलेल्या) जुन्या लेखकाच्या भूमिकेत. तेवढा धागा बघून बाकी सोडलं तरी चालेल.

सातवा आणि आठवा (नेव्हाडा डे) एकत्रच पाहा. नट, वकील आणि चॅनेलचे साहेब नेव्हाडातल्या पॅरम्प गावच्या न्यायाधीशासमोर अडकतात. त्या न्यायाधीशाच्या भूमिकेसाठी जॉन गुडमनला २००७ चं पाहुण्या नटाचं एमी मिळालं. पात्रांना स्टुडिओतून बाहेर काढल्यावर सॉर्किनचं पाणी कसं मोकळं वाहतं ते इथे दिसतं. अकरावा (द ख्रिसमस शो) कथेसाठी नको, पण कतरिना वादळात उद्ध्वस्त झालेल्या न्यू ऑर्लिन्सच्या वादकांना मंचावर आणून जे केलं आहे ते अवश्य. प्रसंग जवळपास शब्दांविना, आणि सबंध मालिकेतला सर्वांत सच्चा.

बारा ते सोळा चाळले तरी पुरे. मॅट-हॅरिएटचं प्रेमप्रकरण तिथे गोल गोल फिरतं. सतरावा (द डिझास्टर शो) हा थोडा सुटा प्रहसनाचा भाग आहे: प्रॉप्स आणि क्यू कार्डवाले शोच्या रात्रीच काम सोडून जातात आणि होस्ट अ‍ॅलिसन जॅनी मंचावर उघडी पडते. पटकथेच्या कामाला हा सगळ्यात उपयोगी, कारण एकेक विभाग गेला की नेमकं काय कोसळतं ते क्रमाने दिसतं. शेवटचे चार सलग कथानकाचे आहेत, तेव्हा घ्यायचे तर चारही, नाहीतर एकही नाही. शेवटच्या भागाचं नाव 'व्हॉट काइंड ऑफ डे हॅज इट बीन'. सॉर्किनने हेच नाव 'स्पोर्ट्स नाइट' आणि 'वेस्ट विंग'च्या पहिल्या सीझनच्या शेवटाला दिलं होतं, पुढे 'द न्यूजरूम'च्या अखेरच्या भागालाही.

तिसरी_घंटा

मोजणारा माणूस आणि सतरावा भाग, दोन्ही लिहून घेतले. एकच राहिलं: डीव्हीडी संचात पाहावी तर भाग प्रक्षेपणाच्याच क्रमाने आहेत ना? आणि नेव्हाडा डे आधी समजेल का, की पाचवा लागतो?

विंगेतली

क्रम तोच, पहिल्यापासून बाविसाव्यापर्यंत. पाचवा नसला तरी नेव्हाडा डे कळतो, पण टॉम जीटर हा शोमधला एक नट आणि त्याचा भाऊ हवाई दलात आहे एवढं डोक्यात ठेवा, शेवटच्या चार भागांना ते लागतं. इंग्रजी सबटायटल चालू ठेवूनच पाहा. पहिल्या भागात कंट्रोल रूममध्ये चार माणसं एका वेळी बोलतात, आणि कामाची वाक्यं बहुतेक मागे उभ्या असलेल्याची असतात.